फुलाचे नाव कुणाच्या भाषेत?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

श्रोतेहो, मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत एका मात्रेचे अंतर आहे. बारशाला जाऊन आपण नाव ठेवतो आणि जेवण आटोपून परतताना वाटेत नावे ठेवतो. आज मला कोरियातल्या झाडाफुलांविषयी आणि त्यांचा अभ्यास करणाऱ्यांविषयी बोलायचे आहे. त्या अभ्यासाच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी भरपूर आहेत.

मी काही वनस्पतिशास्त्राचा माणूस नव्हे. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि पुढे कविता लिहीत राहिलो. पण एखादा शब्द कुठून आला, कुणी आणला, याची चौकशी करण्याची खोड कवीला असतेच. त्या खोडीपायी मी या विषयात शिरलो.

आधी शास्त्रातली रीत समजून घेऊ. जगातल्या प्रत्येक वनस्पतीला एक लॅटिन नाव असते. ते दोन शब्दांचे असते. पहिला शब्द कुळीचा, आडनावासारखा, आणि दुसरा त्या जातीचा. ही पद्धत लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या 1753 सालच्या ग्रंथापासून रूढ झाली. जो अभ्यासक एखाद्या झाडाचे वर्णन नियमानुसार प्रथम छापतो, त्याने दिलेले नाव टिकते आणि त्या नावापुढे त्याचे स्वतःचे नावही लागते. ज्या वाळवलेल्या फांदीवरून ते वर्णन केले, ती फांदी प्रमाण नमुना म्हणून जपून ठेवतात. पुढे कधी शंका आली की त्या नमुन्यापाशी जाऊन ताडून पाहायचे. जमिनीचा सातबारा असावा, तसाच हा प्रकार.

आता कोरियाकडे वळू. 1910 साली जपानने कोरिया गिळंकृत केला. त्याच सुमारास टोकियो विद्यापीठातले नाकाई ताकेनोशिन हे कोरियातल्या वनस्पतींचा अभ्यास करू लागले होते. माणूस अफाट कष्टाळू. डोंगर-बेटे पालथी घालून त्यांनी हजारो नमुने गोळा केले. कोरियाच्या वृक्षांवरचा त्यांचा ग्रंथ 1915 ते 1939 या काळात 22 भागांत निघाला. आजही कोरियन वनस्पतींचा अभ्यास नाकाईंना वगळून करता येत नाही. केवळ कोरियातच आढळणाऱ्या वनस्पतींपैकी मोठ्या हिश्श्याच्या लॅटिन नावापुढे ‘नाकाई’ हा शब्द आहे.

आणि इथेच मेख आहे. गुमगांग पर्वतावर घंटेच्या आकाराचे एक जांभळे फूल फुलते. कोरियन लोक त्याला ‘गुमगांग चोरोंग’ म्हणतात. चोरोंग म्हणजे मेणबत्तीचा कंदील. नाकाईंनी 1911 साली त्याची स्वतंत्र कुळी ठरवली आणि तिला ‘हानाबुसाया’ असे नाव दिले. हे हानाबुसा म्हणजे कोरियात नेमलेले जपानचे एक जुने राजदूत. आणखी एका वनस्पतीला त्यांनी पहिले जपानी गव्हर्नर जनरल तेराउची यांचे नाव दिले. ज्याने देश घेतला त्याचेच नाव देशातल्या रोपट्याला!

पुढे उत्तर कोरियाने त्या कंदिलाच्या फुलाला पर्वताच्या नावावरून नवे लॅटिन नाव दिले, पण जगाने ते मानले नाही. शास्त्राचा नियम आधी कोण एवढेच पाहतो. त्या नियमाला अपवाद क्वचितच झाला आहे. आफ्रिकेतल्या माणसांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका शिवीवरून बनलेली दोनशेंहून अधिक नावे दुरुस्त करण्याचा निर्णय 2024 साली माद्रिदच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत झाला. हानाबुसाचे नाव मात्र त्या फुलावर अजून कायम आहे.

मग कोरियन अभ्यासकांनी काय केले? मला सर्वांत भावलेली गोष्ट इथली आहे. जंग ते-ह्यन नावाचे एक वनस्पतिशास्त्रज्ञ होते. तरुणपणी नाकाईंच्या भटकंतीत ते मदतनीस म्हणून हिंडले होते. लॅटिन नावे बदलणे त्यांच्या हाती नव्हते, पण आपल्या लोकांच्या तोंडची नावे टिपून ठेवणे हाती होते. त्यांनी दो बोंग-सप, ली दक-बोंग आणि ली ह्वी-जे या सहकाऱ्यांसह कोरियातल्या वनस्पतींची देशी नावे जमवली आणि 1937 साली ती पुस्तकरूपाने छापली. सुमारे दोन हजार वनस्पती, प्रत्येकीपुढे कोरियन नाव. साल लक्षात घ्या. 1938 मध्ये शाळांतून कोरियन भाषा ऐच्छिक झाली, 1940 मध्ये माणसांना जपानी नावे घ्यायला लावण्याची मोहीम निघाली आणि दोन मोठी कोरियन वृत्तपत्रे बंद झाली, 1942 मध्ये कोरियन शब्दकोश रचणाऱ्यांची धरपकड झाली. माणसांची नावे पुसली जाण्याच्या तोंडावर या चौघांनी गवताची नावे लिहून ठेवली.

माझे नाव ऐकल्यावर ‘तुमचे मराठी छान आहे हो’ असे कौतुकाने म्हणणारे मला आजही भेटतात. नाव एका गावचे आणि भाषा दुसऱ्या गावची, असे त्यांना वाटत असावे. ज्या भाषेत मी पहिला शब्द बोललो ती माझी असल्याचे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. म्हणून असेल, पण त्या चौघांची धडपड मला चटकन उमगते.

आणि ही देशी नावे आहेत तरी कशी? मान वाकवून उभे राहणारे, नंतर पांढऱ्या केसांचा झुपका धरणारे फूल म्हणजे ‘हाल्मीकोत’, आजीचे फूल. कोवळी लवदार पाने हरणाच्या कानासारखी दिसतात म्हणून ‘नोरुग्वी’, हरणाचा कान. देठ मोडला की पिवळा चीक येतो ते झुडूप म्हणजे ‘एगी-तोंगपुल’, तान्ह्या बाळाच्या शीचे गवत! हे नाव नक्की कुणा आईनेच ठेवले असणार.

एका फुलाचे नाव आहे ‘म्यनुरी-बाप्पुल’, म्हणजे सुनेच्या भाताची शिते. लालसर पाकळीवर दोन पांढरे ठिपके, ओठावर शिते चिकटल्यासारखे. गोष्ट अशी सांगतात, की भात शिजला का हे पाहायला सुनेने दोन शिते तोंडात टाकली आणि उष्टे केले म्हणून सासूने तिला जिवे मारले. तिच्या थडग्यावर हे फूल उगवले. जात्यावरच्या ओव्यांतला सासुरवास ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ही गोष्ट परक्या मुलखातली वाटणार नाही. लॅटिन नावाने त्या फुलाची कुळी कळते. तिथल्या बायकांनी काय सोसले ते कळायला देशी नावच लागते.

अर्थात त्या पुस्तकालाही पुढे नावे ठेवली गेलीच. त्यातली काही नावे जपानी नावांवरून बेतलेली आहेत, असा आक्षेप कोरियात घेतला जातो. 1945 साली देश मुक्त झाला आणि दुभंगलाही. पुस्तक एकच, पण त्याच्या कर्त्यांपैकी जंग दक्षिणेत राहिले आणि दो युद्धकाळात उत्तरेत गेले.

2015 साली, मुक्तीला 70 वर्षे झाली तेव्हा, दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानाने चार हजारांहून अधिक देशी वनस्पतींची इंग्रजी नावे प्रसिद्ध केली. इंग्रजीत ‘जपानी तांबडा पाइन’ म्हटले जाणारे झाड त्यात ‘कोरियन तांबडा पाइन’ झाले. यात अभिमानाचा भाग आहे. पण तेच वृक्षोद्यान अभिमानाला न रुचणारेही बोलू शकते, हे मला महत्त्वाचे वाटते. जपानची प्रसिद्ध योशिनो चेरी मुळात कोरियाच्या जेजू बेटावरची, असा दावा अनेक वर्षे चालला होता. ताके या फ्रेंच पाद्र्याने 1908 साली त्या बेटावर गोळा केलेला नमुना त्याचा आधार. 2018 साली वृक्षोद्यान आणि तिथल्या विद्यापीठांनी मिळून जेजूच्या चेरीची जनुके उलगडली. निष्कर्ष निघाला, की जेजूची चेरी दोन रानटी जातींच्या नैसर्गिक संकरातून झाली आहे आणि जपानची चेरी वेगळी आहे. दोघेही आपापल्या घरचे.

जेजूच्याच हाल्ला पर्वतावर एक फर वृक्ष आहे, कोरियन नाव ‘गुसांग’. त्याच्या सुया सागरी साळूच्या काट्यांसारख्या दिसतात, म्हणून बेटावरच्या बोलीत त्याला साळूचे झाड म्हणत आणि त्यावरून हे नाव आले, असे सांगतात. अर्नेस्ट विल्सन या अभ्यासकाने 1920 साली ती स्वतंत्र जात असल्याचे दाखवले. जांभळ्या उभ्या शंकूंमुळे ते परदेशी बागांत लाडके झाले. मायदेशी मात्र ते वाळते आहे. 2011 पासून जागतिक यादीत त्याची नोंद संकटग्रस्त अशी आहे. हिवाळ्यातले घटते बर्फ, वसंतात मुळांना पडणारी पाण्याची ओढ आणि वादळे ही कारणे अभ्यासक देतात.

म्हणून आज तिथले संशोधक हाल्ला पर्वतावर जिवंत झाडे आणि उभे सांगाडे मोजतात, बिया गोळा करून रोपे वाढवतात. बोंगह्वा इथे जमिनीखाली रानटी वनस्पतींच्या बियांसाठी मोठे कोठार बांधले आहे. एकेकाळी तिथल्या अभ्यासकांना नाव वाचवायचे होते, आता झाडच वाचवायचे आहे. 1937 सालच्या त्या चौघांनी निदान एवढे केले, की आज जे झाड वाचवायचे त्याला हाक कोणत्या नावाने मारायची, हे तिथल्या मुलांना ठाऊक आहे.