बेल्ट तपासूनच चढा

साक्रीकडच्या पवनचक्क्या असोत की सुरतेची बांधकामे, आपल्या पाड्यांवरची मुले उंचावर चढतात. दिवाळीला ती घरी आली की मी त्यांचा सेफ्टी बेल्ट बघायला मागतो. बरेचदा तो नुसता कमरेचा निघतो. पडताना त्याचा सगळा झटका पोटावर आणि कण्यावर बसतो. खांदे व मांड्या धरणारा, पाठीवर कडी असलेला पूर्ण अंगाचा बेल्टच हवा. त्यावर आयएसआय खूण आणि आयएस ३५२१ हा क्रमांक पाहा. बेल्ट देणे ठेकेदाराचे काम आहे, मागायला लाजू नका.

पट्टी नायलॉनची किंवा पॉलिस्टरची असते. बॅटरीचे आम्ल नायलॉनला खाते, ओले सिमेंट पॉलिस्टरला. ऊन दोघांनाही कमजोर करते. म्हणून साध्या पाण्याने धुवून सावलीत वाळवा. शिलाईचा दोरा वेगळ्या रंगाचा असतो, तो तुटलेला टाका चटकन दिसावा म्हणून.

दोरीतली शिवलेली घडी पडताना उसवते आणि झटका ६ किलोन्यूटनच्या आत, म्हणजे साधारण ६०० किलोच्या भाराइतका ठेवते. एकदा पडणे झेललेला बेल्ट नवा दिसला तरी बाद. मुकादम कुरकुरेल, कुरकुरू द्या.

हूक डोक्याच्या वर, पक्क्या लोखंडात अडकवा. पायाशी अडकवलात तर २ मीटरच्या दोरीवर माणूस ४ मीटर खाली जातो, आणि पहिल्या मजल्यावरून तेवढ्यात जमीन येते.