चाकरी आणि प्रयोजन: काही रूढ गैरसमज

ठाणे-बेलापूर रस्ता आणि पारसिकचा डोंगर यांच्या बेचक्यात वसलेल्या दिघ्यातून एका पाळीला टीटीसी औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांकडे आणि दुसऱ्या पाळीला ऐरोलीच्या संगणक-संकुलांकडे माणसे निघतात. आणि चाळिशी उलटल्यावर, मुलांची फी व घराचा हप्ता यांची तजवीज कशीबशी लागली की, यांपैकी पुष्कळांच्या मनात ‘आपण हे सारे कशासाठी करीत आहोत’ असा प्रश्न डोकावू लागतो. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याची जी उत्तरे हल्ली मोबाइलच्या पडद्यावरून अहोरात्र दिली जातात, ती मात्र गैरसमजांनी पुरती ग्रासलेली आहेत.

त्यांतला सर्वांत चिवट समज असा की, जीवनकार्य गवसायचे तर हातातील नोकरीचा राजीनामा दिलाच पाहिजे. वकिली बाजूला सारून वरोऱ्याजवळ कुष्ठरुग्णांसाठी १९४९ साली आनंदवन उभारणाऱ्या बाबा आमट्यांचे उदाहरण आपले डोळे इतके दिपवून टाकते की, त्याच महाराष्ट्रातील दुसरे, तितकेच थोर परंतु कमी नाट्यमय उदाहरण आपण विसरतो. धोंडो केशव कर्वे १८९१ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविण्यास रुजू झाले, १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९०० साली तो हिंगण्याच्या माळावरील झोपडीत नेला, आणि तरीही १९१४ पर्यंत गणिताचे अध्यापन सोडले नाही. दिवसा महाविद्यालयातील तास, त्यानंतर हिंगण्यापर्यंतची पायपीट आणि सुट्ट्यांत आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत गावोगाव हिंडणे, असा तो क्रम होता. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासदत्व पत्करून अल्प वेतनावर स्वतःला बांधून घेतलेल्या या गृहस्थाला त्या वेतनाचाही आधार नसता, तर आश्रमाची पहिली वर्षे कशी निभावली असती, याचा विचार राजीनाम्याचा उपदेश करणाऱ्यांनी एकवार अवश्य करावा.

‘आता वय गेले’ हा समजही याच चरित्रापुढे टिकत नाही. जपानमधील महिला विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका वाचनात आल्यानंतर कर्व्यांनी स्त्रियांच्या विद्यापीठाची कल्पना उचलली आणि १९१६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे आपल्याकडे सरकारी चाकर निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांची जुळवाजुळव करतो त्या वयात, अवघ्या पाच विद्यार्थिनींनिशी ती प्रत्यक्षात आणली. आणि १९३६ साली, अठ्ठ्याहत्तरीत, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी आणखी एक मंडळ स्थापन केले.

डॉक्टर, शिक्षक, समाजसेवक यांच्याच कामाला प्रयोजन असते, आपल्यासारख्या कारकुनाच्या वा यंत्रचालकाच्या कामाला कसले, ही खंतही सर्वत्र ऐकू येते. अमेरिकेतील संशोधक एमी रेझनेस्की यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एकाच प्रकारच्या हुद्द्यावरील कार्यालयीन सहायकांपैकी सुमारे तृतीयांशांना आपले काम केवळ पोटापाण्याचे साधन, तितक्यांनाच बढतीची वाट आणि उरलेल्यांना व्रत वाटत असल्याचे आढळले. सहायकांची संख्या अवघी चोवीस होती, तेव्हा त्यावर मोठे इमले बांधण्यात अर्थ नाही. परंतु प्रयोजन हुद्द्याला जन्मतःच चिकटलेले नसते, एवढे त्यावरून मानण्यास हरकत नसावी.

मग ते येते कोठून? ॲडम ग्रँट यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग ऐरोलीच्या कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करणाऱ्यांनी मुद्दाम ध्यानात घ्यावा. विद्यापीठासाठी दूरध्वनीवरून देणग्या मागणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी काहींची, त्याच देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी काही मिनिटांची भेट घालून देण्यात आली. महिनाभराने पाहिले तो त्यांचा दूरध्वनीवरील वेळ दुपटीहून आणि जमविलेली रक्कम अडीच पटींहून अधिक झाली होती. काम, पगार आणि वरिष्ठ, सारे काही तेच होते. आपल्या श्रमाचे फळ कोणाच्या पदरात पडते, ते तेवढे दिसले होते. दिघ्याच्या रहिवाशांना हे निराळ्या रीतीने ठाऊक आहे. बांधून तयार झालेले दिघा गाव स्थानक कित्येक महिने उद्घाटनाच्या प्रतीक्षेत खोळंबले आणि १२ जानेवारी २०२४ रोजी ते खुले झाले. रूळ, फलाट, छप्पर आधीही होतेच. परंतु ज्यांनी ते बांधले त्यांच्या श्रमाला अर्थ आला तो प्रवासी गाडीतून फलाटावर उतरू लागले तेव्हा.

चार वर्तुळांची ती सुप्रसिद्ध ‘इकिगाई’ आकृती जपानची प्राचीन विद्या आहे, या समजाची वासलात थोडक्यात लावता येईल: प्रयोजनाविषयीची ती आकृती आंद्रेस सुसुनागा या स्पॅनिश लेखकाची, आणि तिच्या मध्यभागी जपानी शब्द बसविला तो मार्क विन या इंग्रज गृहस्थाने, २०१४ साली.

एका गैरसमजाबाबत मात्र मी मवाळ भाषा वापरणार नाही. प्रयोजन लाभले की पगाराची तक्रार उरत नाही, असे कंत्राटी कामगाराला ऐकविणारा मालक प्रयोजनाची नव्हे, आपल्या नफ्याची तरफदारी करीत असतो. थकलेला ओव्हरटाइम आणि न भरलेला भविष्यनिर्वाह निधी यांची भरपाई कोणत्याही उदात्त हेतूने होत नाही, आणि ज्याला हक्काचे वेतन मिळत नाही त्याने आधी तेच मागावे. ज्याला ते मिळते, त्याने राजीनाम्याचा मसुदा लिहिण्यापूर्वी निदान आपल्या डिस्पॅच खात्यात जाऊन, आपल्या हातून गेलेला माल शेवटी कोणत्या गावी, कोणाच्या उपयोगी पडतो, याची चौकशी करावी.