बीड: वाकत नाही, तडकतं

शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस तापमान लागतं. त्यात सुमारे चार टक्के कार्बन मिसळला, की तेच काम ११५० अंशांच्या आसपास होतं. हेच बीड. चीनमध्ये ते सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच ओतलं जात होतं. इंग्लंडमध्ये ते स्वस्त होऊ लागलं १७०९ नंतर, अब्राहम डार्बीने कोलब्रूकडेलच्या भट्टीत लाकडी कोळशाऐवजी कोक वापरल्यावर. तिथून जवळच सेव्हर्न नदीवर १७७९ मध्ये बिडाचा पहिला मोठा पूल उभा राहिला.

करड्या बिडात कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो. धातू गोठताना हे पापुद्रे जागा व्यापतात, त्यामुळे तो फारसा आकसत नाही आणि साच्यातली बारीक नक्षी स्वच्छ उतरते. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात कोलब्रूकडेलच्या कारखान्याला नेच्याच्या पानांची नक्षी असलेली बागेतली बाकं ओतता आली. आज संग्राहक ती शोधत असतात. हे पापुद्रे कंपनंही शोषतात, म्हणून लेथचा पाया बिडाचा असतो. मात्र ताण पडला की तडा तिथूनच सुरू होतो. दाब सोसणं बिडाला सहज जमतं. मुंबईच्या वॉटसन हॉटेलचा १८६०च्या दशकातला सांगाडा त्याची साक्ष देतो.

जुनं बाक विकत घेताना चुंबक लावून पाहा. चिकटला नाही, तर ती बहुधा अ‍ॅल्युमिनियमची नक्कल. चिकटला, तरी पायांना वेल्डिंग केलंय का तपासा. साध्या वेल्डिंगने जोडलेलं बीड सहज पुन्हा तडकतं.