पळ्ळिकरणैची दलदल

चेन्नई नगराच्या दक्षिण भागात पळ्ळिकरणै नावाची एक विस्तीर्ण दलदल आहे. नांगर चालत नाही आणि घराचा पाया धरत नाही, अशी ही भूमी दीर्घकाळ पडीक मानली गेली. परंतु ज्या गुणामुळे ती माणसाला निरुपयोगी वाटली, तोच तेथील जीवसृष्टीच्या वैभवाचे मूळ आहे. हा गुण म्हणजे पाण्याची अस्थिरता.

ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वारे येथे पाऊस आणतात. सुमारे 250 चौरस किलोमीटर प्रदेशातील तलाव भरून वाहू लागले, की त्यांचे पाणी या सखल भागात पसरते. पुढे ओक्कियम मडुवू या प्रवाहाने बकिंगहॅम कालव्यास मिळून ते कोवळमच्या खाडीकडे जाते. त्याच वाटेने समुद्राचा खारेपणा आत शिरतो. त्यामुळे गोडे व मचूळ, खोल व उथळ असे पाण्याचे अनेक प्रकार येथे शेजारी शेजारी नांदतात.

प्रत्येक प्रकाराचा रहिवासी निराळा. खोल पाण्यात पाणकावळा बुडी मारतो. तरंगत्या पानांवरून लांब बोटांचा कमळपक्षी चालत जातो. उथळ पाण्यात शेकाट्या चरतो आणि लव्हाळ्यांच्या आडोशाला जांभळी पाणकोंबडी घरटे बांधते. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की उघड्या पडलेल्या चिखलातील सूक्ष्म जीव गाळून खाण्यास रोहित पक्षी उतरतात. पाण्याची पातळी बारमाही एकच राहिली असती, तर यांपैकी मोजक्यांचेच फावले असते. येथे ऋतू पालटतो, तशी जागाही हातोहात पालटते. कोणा एकाची सत्ता टिकत नाही, म्हणूनच अनेकांचा निभाव लागतो.

नगर वाढत गेले, तसे रस्ते, इमारती आणि पेरुंगुडीचा कचरा यांनी या दलदलीचा फार मोठा भाग गिळला. डिसेंबर 2015 च्या महापुरात पाणी पूर्वीच्या वाटा शोधीत आले. परंतु जेथे ते पसरत असे, तेथे आता वस्ती उभी होती. 2007 साली दलदलीचा काही भाग राखीव वन ठरला आणि 2022 साली तिचा समावेश रामसर करारातील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये झाला.

तथापि केवळ सीमा आखून पाणथळ जागा वाचत नाही. वरचे तलाव बुजले किंवा समुद्राकडील वाट अडली, तर कुंपणाच्या आतील जीवनही हळूहळू एकसुरी होईल. पक्ष्यांचे रक्षण करावयाचे, तर आधी पाण्याचे येणे-जाणे अबाधित ठेवले पाहिजे. त्यातच नगरवासीयांचेही रक्षण आहे.