सिकलसेलचा रिपोर्ट कुणाच्या हाती?

"ताई, तपासलं अन् पोरीचं लग्न अडलं तर?" खापरखेड्याच्या वस्तीत सिकलसेल शिबिराचं सांगायला घरोघरी फिरतो, तेव्हा आम्हाला हाच प्रश्न सगळ्यांत जास्त ऐकू येतो. ही भीती खोटी नाही. मागे एका शिबिरानंतर तपासलेल्यांची यादी, नावापुढे 'पॉझिटिव्ह' लिहून, व्हॉट्सअॅपवर फिरली. ती नुसत्या सोल्युबिलिटी चाचणीची यादी. या चाचणीत वाहक (एएस) आणि रुग्ण (एसएस) वेगळे कळतच नाहीत; त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. ती झाल्यावर बहुतेक जण एएस निघाले. एएस म्हणजे आजारी नव्हे. पण तोवर बोभाटा झाला होता.

विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल आहे, हे डॉक्टरांना १९५८ पासून, शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला तेव्हापासून ठाऊक आहे. १ जुलै २०२३ ला केंद्राची मोहीम सुरू झाली: चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची. तपासणी हवीच. नवरा-बायको दोघेही एएस असतील, तर प्रत्येक बाळंतपणात एसएस बाळाची शक्यता चारात एक. आमचं म्हणणं एवढंच, की रक्ताच्या एका थेंबात आईबापाची, भावंडांचीही माहिती असते. ती शिबिराच्या रजिस्टरातून कुठे जाते?

अमेरिकेत १९७० च्या दशकात काळ्या लोकांची अशीच तपासणी झाली. नुसत्या वाहकांनाही नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विम्याचे हप्ते वाढवले गेले. जनुकीय माहितीवरून आरोग्य विमा आणि नोकरीत भेदभाव करण्यास देशभर बंदी घालणारा कायदा तिथे २००८ मध्ये आला. त्यातही जीवन विमा सुटलाच.

आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. २६ फेब्रुवारी २०१८ ला दिल्ली उच्च न्यायालयाने जनुकीय आजार सरसकट वगळणारं विम्याचं कलम समानतेच्या अधिकाराविरुद्ध ठरवलं. खटला हृदयाच्या आजाराचा होता. १९ मार्चला विमा नियामकाने कंपन्यांना कळवलं, की या कलमावर दावे फेटाळू नका. पण त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने निकालाच्या त्या भागाला स्थगिती दिली. म्हणजे पाया अजून कच्चाच.

तोवर काय करायचं? खासगी विम्याचा फॉर्म एजंटला भरू देऊ नका. घरातल्या शिकलेल्या पोरापोरीकडून वाचून घ्या. 'आजार आहे का' असं विचारलं असेल आणि एसएसचं निदान झालं असेल, तर लपवू नका, नाहीतर पुढे दावा अडतो. आधीच्या आजारासाठी थांबण्याची मुदत आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. वाहक असणं म्हणजे आजार नाही, हे एजंटला ठणकावून सांगा. आयुष्मान भारतच्या कार्डावर आधीच्या आजारालाही पहिल्या दिवसापासून उपचार मिळतात, ते आधी काढा. एसएस रुग्णाला २०१६ च्या कायद्याने दिव्यांग म्हणून हक्क आहेत; त्या प्रमाणपत्रासाठी रिपोर्ट दाखवायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

शिबिरात सही करण्याआधी विचारा: रजिस्टर कोण ठेवणार, रिपोर्ट कुणाच्या हातात देणार? आम्ही आता बंद पाकिटात देतो, ज्याचं त्यालाच, दार लोटून. विहारात नावं पुकारणं बंद केलं.

लग्नाचं विचारणारी ती बाई नंतर लेकीला घेऊन आली. दोघींची तपासणी झाली. काय निघालं, ते इथे लिहिणार नाही.