मध्यम किमतीची द्विनेत्री दुर्बीण : पहिली पारख

शाळेने अथवा सार्वजनिक ग्रंथालयाने द्विनेत्री दुर्बीण घ्यावयाचे ठरविले, म्हणजे बहुधा एकाच यंत्रापुरता पैसा हाताशी असतो. ते यंत्र पसंत पडले तर वर्षानुवर्षे मुलांच्या हाती फिरते. न पडले तर कपाटात जाते, आणि ‘आमच्याकडे दुर्बीण आहे, पण तिच्यातून नीट दिसत नाही’ एवढेच मग तिच्याविषयी ऐकू येते. कपाटात गेलेल्या अशा दुर्बिणींपैकी पुष्कळशा मुळात चांगल्या असतात. त्या डोळ्यांस नीट लावल्याच गेलेल्या नसतात. उलट, काहींच्या घडणीतच दोष असतो, आणि तो ध्यानात येईपर्यंत दुकानदाराने दिलेली बदलून घेण्याची मुदत संपून जाते. तेव्हा लावण्यातील चूक कोणती आणि घडणीतील दोष कोणता, हे पहिल्या आठवड्यातच ओळखता आले पाहिजे.

उदाहरणादाखल येथे ८×४२ या मापाची एक नवी दुर्बीण घेतली आहे. मध्यम किंमत म्हणजे आज सुमारे दहा ते वीस हजार रुपये असे आपण धरू. जत्रेत मिळणारी खेळण्यातील दुर्बीण याहून पुष्कळ स्वस्त, आणि युरोपातील नामांकित कारखान्यांची उत्तम यंत्रे लाख रुपयांच्याही पुढे जाणारी. पारखीसाठी निवडलेले स्थळ तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचे प्रांगण होय. राजराज चोळाने उभारलेले व सुमारे १०१० साली पूर्ण झालेले हे मंदिर पूर्व-पश्चिम सुमारे २४० मीटर लांब व १२० मीटर रुंद अशा प्राकारात उभे आहे. त्याचे विमान सुमारे ६० मीटर उंच असून, थरावर थर रचीत ते निमुळते होत गेले आहे. दुर्बिणीच्या कारखान्यात परीक्षेसाठी जे आडव्या-उभ्या रेघांचे तक्ते लावतात, तसाच हा एक अवाढव्य तक्ता समजावा.

शब्दाविषयी थोडेसे. ‘दुर्बीण’ हा आपण फारसीतून घेतलेला शब्द. ‘दूर’ व ‘बीन’, म्हणजे दूरचे पाहणारी. दोन नळ्यांच्या यंत्रास मात्र मराठीत तितकासा सुटसुटीत शब्द रुळला नाही. ‘द्विनेत्री’ हे विशेषण पुस्तकांत चालते. बाजारात ‘बायनॉक्युलर’ असेच मागावे लागते. कल्पना मात्र जुनी आहे. १६०८ साली हॉलंडमधील चष्मेकार लिपरहे याने दुर्बिणीच्या हक्कासाठी सरकारकडे अर्ज केला, तेव्हा ‘दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल असे यंत्र करून दे’ अशी मागणी त्याच्याकडे लगेच झाली होती.

आता ८×४२ या आकड्यांचा अर्थ. पहिला आकडा वर्धनाचा. १६० मीटरांवरील मूर्ती या दुर्बिणीतून २० मीटरांवर उभे राहून पाहावी तशी दिसते. दुसरा आकडा पुढील भिंगाचा, म्हणजे वस्तुभिंगाचा व्यास मिलिमीटरांत सांगतो. ग्राहकाचे लक्ष पहिल्या आकड्याकडेच धावते, आणि दुकानदारही ‘ही वीसपट दाखविते’ असे अभिमानाने सांगतो. परंतु वर्धन वाढले की हाताचा कंपही तितकाच वाढतो, दृष्टिक्षेत्र आक्रसते, आणि पाखरू दुर्बिणीत सापडण्यापूर्वीच उडून जाते. हातात धरून वापरावयाच्या यंत्रास आठपट पुरेसे, दहापट ही शेवटची मर्यादा, असे आमचे मत आहे. शाळेसाठी तर आठच घ्यावे.

दुसऱ्या आकड्यास पहिल्याने भागले की एक महत्त्वाची संख्या मिळते. ४२ भागिले ८ म्हणजे ५.२५. नेत्रभिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा हा मिलिमीटरांतील व्यास होय. दुर्बीण हातभर दूर धरून उजेडाकडे रोखली, तर नेत्रभिंगात हे तेजस्वी वर्तुळ प्रत्यक्ष दिसते. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली दोन ते तीन मिलिमीटर एवढीच उघडी असते. अंधारात तरुण माणसाची सात मिलिमीटरांपर्यंत उघडते, तर उतारवयात जेमतेम पाचापर्यंत. म्हणजे दुपारी ८×२५ ची चिमुकली दुर्बीणही ८×४२ इतकीच उजळ भासेल. फरक कळतो तो सांजवेळी, जेव्हा लहान यंत्राची तीन मिलिमीटरांची शलाका विस्फारलेल्या बाहुलीस अपुरी पडते. यावरून दुकानातील दिव्यांच्या झगझगाटात केलेली परीक्षा अपुरी का, हेही ध्यानात यावे.

तंजावरात डोळ्यांविषयी लिहिताना एक उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. येथील मराठी राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत. त्यांत रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रेही आहेत. मोतीबिंदूने गढूळ झालेला डोळा चित्रकाराने किती बारकाईने पाहिला, हे त्यांवरून कळते. दुर्बीण कितीही चांगली असली तरी शेवटचे भिंग प्रत्येकाच्या डोळ्यातच असते. म्हणून एकाने ‘अंधूक आहे’ म्हटले, तर दुसऱ्यास दाखविल्यावाचून यंत्रास दोष देऊ नये.

प्रथम दुर्बीण डोळ्यांस लावावी कशी, ते पाहू. मधल्या बिजागरीवर दोन्ही नळ्या जवळ-दूर करीत जावे, म्हणजे दोन वर्तुळे मिळून एकच वर्तुळ दिसू लागते. प्रत्येकाच्या डोळ्यांतील अंतर निराळे. सहावीतील मुलास लावलेली दुर्बीण शिक्षकांस तशीच चालत नाही. चष्मा नसलेल्याने नेत्रभिंगावरील रबरी कडी वर काढावी, चष्मा असलेल्याने ती खाली दाबावी. मग उजवे वस्तुभिंग हाताने झाकून, मधले चाक फिरवीत, डाव्या डोळ्याने दूरची एखादी वस्तू रेखीव करावी. त्यानंतर डावे भिंग झाकावे, आणि मधल्या चाकास हात न लावता, उजव्या नेत्रभिंगाशी असलेले कडे फिरवून तीच वस्तू उजव्या डोळ्यासही तितकीच रेखीव दिसेल असे करावे. या कड्याजवळ बहुधा अधिक-उणे अशा खुणा असतात. आपली खूण ध्यानात ठेवावी. (काही दुर्बिणींत हे कडे डावीकडे असते, तेथे क्रम उलटा.) बहुतेक ‘अंधूक’ दुर्बिणी या एका कड्याने बऱ्या होतात.

आता प्रांगणात यावे. सकाळी लवकर यावे. कारण पादत्राणे बाहेर ठेवावी लागतात आणि दुपारची फरसबंदी पायांस सोसवत नाही. त्याहून मोठे कारण म्हणजे, तापलेल्या दगडावरून उठणाऱ्या हवेच्या लहरींनी दूरची प्रतिमा थरथरते, आणि हवेचा दोष यंत्रावर येतो.

पहिली परीक्षा विमानाच्या आडव्या थरांवर करावी. एक लांब, सरळ आडवी रेघ निवडून तिच्यावर दुर्बीण रोखावी, आणि यंत्र डोळ्यांपासून सावकाश चार-पाच बोटे मागे आणावे. आता दोन वर्तुळे अलग दिसू लागतील. दोन्हींत ती रेघ एकाच उंचीवर हवी. एका वर्तुळात ती वर व दुसऱ्यात खाली दिसली, तर दोन नळ्या समांतर नाहीत असे समजावे. आपले डोळे आतल्या बाजूस सहज वळतात. परंतु एक डोळा वर व एक खाली असे त्यांस जवळजवळ करताच येत नाही. यंत्रातील तेवढी चूक मेंदू काही वेळ सांभाळून घेतो, आणि पंधरा मिनिटांनी कपाळ दुखू लागते. हा घडणीचा दोष. कोणतेही कडे फिरवून तो जात नाही. यंत्र त्याच दिवशी परत करावे. नव्या आठपट दुर्बिणीत रेघ जुळली, आणि अर्धा तास पाहूनही डोळे शिणले नाहीत. मध्यम किमतीच्या यंत्रात ही एवढी एक गोष्ट साधली असेल, तर उरलेल्या उणिवा क्षम्य मानाव्यात.

दुसरी परीक्षा विमानाच्या माथ्यावरील कलशाची. उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर त्याची कड पाहावी. साधे भिंग सर्व रंगांचे किरण एकाच ठिकाणी आणीत नाही. म्हणून कडेस जांभळट अथवा हिरवट झालर दिसते. या यंत्रात कलश मध्यभागी धरला असता झालर जवळजवळ नव्हती. तो वर्तुळाच्या कडेकडे नेताच जांभळी रेघ स्पष्ट झाली. अधिक किमतीच्या दुर्बिणीत विशेष काचेची भिंगे घालून हीच झालर कमी करतात. पैसे कोठे जातात, ते येथे दिसते.

कडेच्या रेखीवपणाची कसोटी प्राकाराच्या भिंतीपाशी घ्यावी. भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा प्रदीर्घ मराठी शिलालेख सरफोजी राजांनी १८०३ साली याच मंदिरात कोरविला. त्याच्यापासून काही पावले मागे सरून अक्षरांच्या ओळी दुर्बिणीत घ्याव्यात. मध्यावर अक्षरांची वळणे स्वच्छ दिसतात. वर्तुळाच्या शेवटच्या चौथ्या हिश्शात ती पुसट होतात. चाक थोडे फिरवताच कडेची अक्षरे सुधारतात, पण मग मधली बिघडतात. अर्थात क्षेत्र सपाट नाही. पाखरे पाहणारा ते मध्यावरच पाहतो, त्यास याचा उपद्रव नाही. तारे पाहणाऱ्यास मात्र कडेचे तारे लहान धूमकेतूंसारखे दिसतील.

एवढे झाल्यावर यंत्राचा आनंद घ्यावयास हरकत नाही. निरोगी डोळ्यास सुमारे एक कलेपर्यंतचे, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाइतके अंतर वेगळे दिसते. १०० मीटरांवर ते सुमारे २९ मिलिमीटर भरते. आठपट दुर्बिणीने ते चार मिलिमीटरांच्या आत येते. विमानाच्या उत्तर अंगास टोपी घातलेल्या युरोपीय गृहस्थासारखी एक आकृती आहे. जमिनीवरून ती केवळ एक गोळा भासते, आणि दुर्बिणीत टोपीची कडही दिसते. चोळांच्या शिल्पींस भविष्य दिसले होते अशी दंतकथा तिच्याविषयी सांगतात. नायक अथवा मराठी राजवटीतील डागडुजीत ती बसविली गेली असावी, हे मत आम्हांस अधिक पटते. तंजावरच्या रघुनाथ नायकाने १६२० सालीच डेन्मार्कच्या लोकांस तरंगंबाडी येथे वसाहतीची परवानगी दिली होती, तेव्हा टोपीवाले येथे अपरिचित नव्हते.

दुर्बिणीच्या आत काय असते? केवळ दोन बहिर्गोल भिंगांनी प्रतिमा उलटी येते. ती सुलटी करण्यासाठी काचेचे लोलक घालतात. इटलीच्या पोरो याने १८५४ साली ही युक्ती काढली, आणि आबे या शास्त्रज्ञाच्या आखणीप्रमाणे झाइस कारखान्याने १८९४ पासून तशा दुर्बिणी विक्रीस आणल्या. भिंगे व लोलक मिळून काचेचे दहा पृष्ठभाग प्रकाशाच्या वाटेत आहेत असे धरू. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. दहांतून पार होईतो ६६ टक्केच उरतो. १९३५ साली झाइसमधील स्माकुला याने काचेवर अतिपातळ लेप देण्याची रीत शोधली. आजच्या लेपाने ही हानी पृष्ठभागामागे अर्ध्या टक्क्यावर आली, तर ९५ टक्के प्रकाश पोहोचतो. भिंगात दिव्याचे प्रतिबिंब हिरवट वा जांभळट व मंद दिसले, तर लेप आहे. पांढरे व लख्ख दिसले, तर नाही. तांबड्या चकाकीच्या ‘रुबी’ भिंगांच्या मोहात पडू नये. ती तांबडा प्रकाश परतवितात आणि जग हिरवे दाखवितात.

गावाबाहेर कावेरीच्या पाण्यावरील भातखाचरांत बगळे उतरतात. नुसत्या डोळ्यांस सगळे पांढरेच. दुर्बिणीत पिवळ्या चोचीचा गायबगळा आणि काळ्या चोचीचा, काळ्या पायांचा पण पिवळ्या पंजांचा लहान बगळा लगेच वेगळे होतात. येथे दृष्टिक्षेत्राचा उपयोग कळतो. या यंत्रावर ७.५ अंश असे लिहिले आहे. म्हणजे १००० मीटरांवर सुमारे १३१ मीटर रुंदीचा पट्टा एका वेळी दिसतो.

रात्री कोपर भिंतीवर टेकवून पाहिल्यास चंद्रावरील विवरे आणि गुरूचे काही उपग्रह दिसतात. तंजावर सुमारे १०.८ उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यास, रात्री दहाच्या सुमारास, नरतुरंगातील ओमेगा हा प्रचंड तारकागुच्छ दक्षिण क्षितिजापासून सुमारे ३२ अंश वर येतो. पुण्यात तो २४ अंशांच्याच आसपास राहतो. दुर्बिणीत तो धुरकट, वाटोळ्या कापसासारखा दिसतो.

सूर्याकडे मात्र दुर्बीण क्षणभरही रोखू नये. डोळा कायमचा जातो आणि त्या क्षणी वेदनाही होत नाही. वर्गात दुर्बीण देताना मावळतीचा सूर्यही निषिद्धच सांगावा. तंजावरच्या आश्विन-कार्तिकातील पावसाळ्यात, आणि कोकणात तर चार महिने, भिंगांवर बुरशी धरते. कातडी पेटीत बंद करून ठेवण्यापेक्षा झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, पुड्या वेळोवेळी तापवून कोरड्या कराव्यात, आणि धूळ प्रथम मऊ कुंचल्याने झाडल्यावाचून भिंगावर फडके फिरवू नये.