अडकलेली येणी आणि खुंटलेली वाढ

बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाचे व यंत्रभागांचे अनेक लहान कारखाने आहेत. अंगी कौशल्य आहे, मालाला मागणी आहे. तरीही दहा कामगारांचा कारखाना वीस वर्षांनंतर दहांचाच का राहतो? वीज, जागा, कर्ज ही कारणे आपण नेहमी ऐकतो. परंतु वेळेवर न मिळणारा पैसा हे त्यांहून चिवट दुखणे होय.

समजा, एका कारखानदाराने मोठ्या कंपनीस लाख रुपयांचे बिडाचे ओतीव भाग पुरविले. कच्चा माल रोखीने आणला, पगार वेळच्या वेळी दिला. बिल फाडले की वस्तू व सेवा कराचा भरणाही आला. मग पैसे हाती येवोत वा न येवोत. कंपनीने तीन महिने लावले, तर बारा टक्के दराने व्याजाचेच तीन हजार होतात. नफा आठ हजारांचा असेल, तर त्याचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग गेला! दुप्पट काम घ्यावे, तर अडकणारी रक्कमही दुप्पट. म्हणजे वाढ हीच संकट ठरते.

कायदा नाही असे नव्हे. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघुउद्योगांचे पैसे करार असल्यास फार तर ४५ दिवसांत, लेखी करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. १ एप्रिल २०२४ पासून तर अशा थकलेल्या देण्याची वजावट, ते प्रत्यक्ष चुकते केल्यावाचून, खरेदीदारास प्राप्तिकरात मिळेनाशी झाली.

मग तक्रार का होत नाही? कारण ज्याच्याविरुद्ध दाद मागावयाची, तोच बहुधा एकमेव मोठा गिऱ्हाईक असतो. खटला जिंकून काम गमावणे कोणास परवडेल?

यास्तव कारखानदाराने ‘उद्यम’ नोंदणी वेळीच करावी, मुदत लेखी ठरवून घ्यावी आणि सारा भार एकाच गिऱ्हाइकावर ठेवू नये. संघटनेमार्फत केलेली मागणी एकट्याच्या विनवणीहून प्रभावी ठरते. मोठ्या उद्योगांनीही ध्यानी घ्यावे की, लहानाचा पैसा अडवून ठेवणे म्हणजे त्याच्याकडून बिनव्याजी कर्ज घेणेच होय. आणि ते कर्ज अखेर कामगारांच्या चुलीवर येऊन पडते.